कानाची गादी

नझमीची एक खोड त्याच्या आईला, माक तेहला, मुळीच खपत नव्हती. घराच्या पायऱ्या चढताना तो आधी चपला काढायचा आणि मग कान काढायचा. चपला पायरीखाली, कान दारामागच्या खिळ्याला. जणू दोन्हींना सारखाच चिखल लागलाय.

"माणसं घरात आली की टोपी काढतात, घाम पुसतात. आमच्याकडे कान काढतात," ती सुनेला म्हणायची. सून, सलवा, जन्माची बहिरी. ती पाठमोरी बसून कोळंबी सोलत राहायची. मग माक तेह मांजराकडे वळायची. मांजर तेवढे कान टवकारायचं, आणि ते बघून तिला आणखीच चीड यायची. फुकटचे दोन-दोन कान, आणि त्यांचा उपयोग काय, तर उंदीर धरायला.

नझमीचा कान फुकटचा नव्हता. त्यासाठी शहरातल्या इस्पितळात त्याच्या कवटीला भोक पाडलं होतं, आत तार सारली होती, कातडीखाली चकती बसवली होती. बाहेर दिसायचं ते भिजवलेल्या वालासारखं यंत्र. ते कानामागे अडकवायचं. त्याला वायरीने जोडलेलं एक गोल बटण होतं, ते केसांतून लोहचुंबकासारखं डोक्याला चिकटायचं. तेहतीस वर्षांचा घोडा झाल्यावर हे सगळं केलं. तापात कान गेले तेव्हा पोराला 'माक' म्हणून आईला हाकसुद्धा मारता येत नव्हती. दूधपितं होतं. ऐकण्याआधीच बहिरं झालं म्हणा ना.

आणि एवढा खटाटोप कशासाठी, तर एका बाकड्यासाठी.

कुआला बेरेम्बांग गावच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव ओरडून होत नाही. ओरडून करतात ते शहरातले, ज्यांनी लाज कोळून प्यायली आहे ते. इथे होडी लागली की टोपली बाकड्यासमोर येते. गिऱ्हाइकं भोवती जमतात. एकेक जण पुढे वाकतो, तोंडाला तळहाताचा आडोसा धरतो आणि बाकड्यावर बसलेल्याच्या कानात आपला भाव फुंकतो. बाकड्यावरचं माणूस सगळ्यांचं ऐकतं, मनात धरतं, आणि टोपलीवर हात ठेवून ज्याचा भाव चढा त्याचं नुसतं नाव घेतं. मग घेणारा होडीवाल्याकडे जाऊन आपल्या तोंडाने आपला भाव सांगतो. खोटं सांगायची कोणाची छाती नाही, कारण तो भाव एका कानाने ऐकलेला असतो. पाच-पाच गाड्यांचा व्यापारी आणि मोटरसायकलला खोकं बांधून दारोदार फिरणारा फाटका माणूस खांद्याला खांदा लावून उभे राहतात, आणि कोण किती पाण्यात आहे हे त्या एका कानाखेरीज कोणाला कळत नाही. बाकडं साधं, फणसाच्या लाकडाचं. पण मान गादीचा.

नवरा गेल्यावर माक तेह त्याच्यावर बसली. बायका बाकड्यावर बसत नसतात, असं तेव्हा हाजी सुदिन म्हणाला होता. तोच पाच गाड्यांचा व्यापारी.

"बरोबर बोललात, हाजी," ती म्हणाली होती. "बायकांनी मासे कापायचे, खारवायचे, सुकवायचे, विकायचे. फक्त पुरुषांच्या पोटातलं ऐकायचं नाही. ते ऐकलं तर तुमच्यात शिल्लक काय राहणार?"

आणि बसली. शाळेची पायरी तिने झाडण्यापुरतीच चढली होती. स्वतःचं नाव वाचायचं तर अक्षरांवर बोट ठेवत जावं लागे. पण कानात पडलेला भाव ती विसरली नाही, आणि एकाचा दुसऱ्याला तिने कधी सांगितला नाही. नवऱ्याच्या कबरीपाशी बसून सगळ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची, भाव तेवढा नाही काढला.

आणि आता तो कान चालला होता.

मोठं बोलणं अजून यायचं. भांडण यायचं, भोंगा यायचा, हाजीचं खोकणं यायचं. चिरके आवाज आणि कुजबूज मात्र आधी गेली. लोक वाकायचे, आणि कानात यायचा तो नुसता गरम वारा. तंबाखूचा वास यायचा, सकाळच्या कॉफीचा वास यायचा, शब्द यायचा नाही. तेव्हापासून ती वाऱ्यावर निवाडा करत होती. कोण किती वाकला, कोणाचे डोळे टोपलीला चिकटलेत, कोणाचं पोट आधीच मागे सरलंय, एवढ्यावरून अदमास बांधायचा, मान डोलवायची आणि नाव घ्यायचं. भाव कोणालाच ठाऊक नसायचा, म्हणून चूकही कोणाला कळायची नाही. हेच तिच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं. भाताचा घास गिळून काटा उतरतो म्हणतात. हा उतरत नव्हता.

बाकडं सोडलं की त्याच्यावर रोस्दी बसणार, हे उघड होतं. तिच्या दिराचा मुलगा. त्याने भोंग्याचा कर्णा आधीच आणून ठेवला होता. भाव मोठ्याने घ्यायचे, भिंतीवर लावायचे, शहरासारखं. त्याचं म्हणणं, कुजबुजीत लबाडी चालते. आणि ते पोरगं खोटं बोलत नव्हतं, म्हणून तर तिला ते डोळ्यांसमोर नको असायचं.

नझमी बाकड्यावर बसला तर कुजबूज वाचणार होती, बाकडं घरात राहणार होतं, आणि आपला कान कधी गेला हे कोणाला कळायच्या आत ती उठणार होती. बुडत्याला काडी मिळाली, आणि तिने त्या काडीची नाव केली.

इस्पितळातल्या कान तपासणाऱ्या मुलीने, चिक यापने, सांगायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. ती माक तेहला माकचिक, म्हणजे मावशी, म्हणायची.

"माकचिक, पुन्हा एकदा सांगते. याला आवाज येतील. शब्द कळतील असं मी म्हणत नाहीये. तान्ह्या मुलाला हे बसवलं तर ते बोलायला शिकतं. याचा मेंदू आवाजाशिवाय वाढलाय."

"मेंदू काय मासळी आहे, शिळा व्हायला?"

"शिळा नाही झाला. आवाजाची जागा त्याने डोळ्यांना देऊन टाकली."

"मग परत मागून घ्या की. आमच्याकडे उसनी दिलेली परातसुद्धा परत मागतात."

चिक याप हसली, पण मान डोलवली नाही. मग हातांची भाषा जाणणाऱ्या माणसाला बोलावून तिने नझमीलाच विचारलं, तुला हवं आहे का. नझमीने आधी आईकडे पाहिलं आणि मग अंगठा वर केला. पुढच्या खेपेला परत विचारलं. परत आधी आईकडे, मग अंगठा. चिक यापला ते आवडलं नव्हतं. माक तेहला त्यात काही वावगं दिसलं नाही. मुलाने आईकडे नाही बघायचं तर काय छताकडे बघायचं?

यंत्र सुरू करायच्या दिवशी ती ठेवणीतला रेशमी पोशाख घालून गेली. डोळे पुसायला रुमाल घेतला. घरी केंदुरीची तयारी करून ठेवली होती, हळदीचा पिवळा चिकट भात, नारळातलं मटण, अख्ख्या धक्क्याला आवतण. चिक यापने कळ दाबली तेव्हा नझमी दचकला आणि त्याने जबड्याला हात लावला, दाढ ठणकल्यासारखा.

"छान," चिक याप म्हणाली. "पोचला आवाज."

"नझमी," माक तेहने हाक मारली. "अरे नझमी."

तो हाताने सांगत होता की डोक्यात कोणीतरी टिचक्या मारतंय. माक तेहने रुमालाने तोंड पुसलं आणि तो ठेवून दिला.

केंदुरीत जो तो त्याच्या मागे जाऊन टाळ्या वाजवून पाहत होता. कोणी ताट बडवलं, कोणी पातेल्याची झाकणं. झाकणं वाजली तेव्हा तो वळला आणि सगळ्यांनी अल्लाचे आभार मानले. माक तेहने वळून रोस्दीकडे असं पाहिलं की त्याने वाढलेलं मटण मुकाट संपवलं. जरा वेळाने नझमी दिसेना. तो घरामागे केळीच्या बुंध्याशी ओकत बसला होता, आणि कान खिशात होता. सलवा त्याची पाठ चोळत होती. तिने सासूकडे बघून हातवारे केले, भराभर, रागाने. माक तेहला ते कळले नाहीत. हातांची भाषा ती शिकलीच नव्हती. जेव, झोप, होडी आली, गाढवा, एवढ्या खुणांवर तिचं मुलाशी आयुष्य निभावलं होतं, आणि पाचवी खूण कधी लागली नव्हती.

मग शिकवणी सुरू झाली. नझमीला स्वयंपाकघरात पाठमोरा बसवायचं आणि मागून आकडे म्हणायचे. बाकड्याला लागणार काय, आकडेच ना. समोर बसून तोंड बघितलं तर तो बरेचसे ओळखायचा. ते तो आधीही ओळखायचा. पाठमोरा झाला की अंदाजे बोटं दाखवायचा. चुकला की ती आवाज चढवायची. आपण किती चढवलाय हे तिचं तिला कळत नव्हतं. पलीकडची चिनी किराणावाली कुंपणापाशी येऊन म्हणायची, "माक तेह, कालचा तुमचा आकडा लॉटरीला लावला, बुडाले. आज जरा विचार करून ओरडा."

"तुझा नवरा बुडाला तेव्हा नाही आलीस तक्रार घेऊन," माक तेह म्हणायची, आणि परत आकडे.

नझमी डोळे मिटून सोसायचा. मग उठायचा, कान खिळ्याला अडकवायचा आणि धक्क्यावर निघून जायचा. त्याचं काम बर्फाचं. लाद्या यंत्रात घालायच्या, चुरा मासळीवर पसरायचा. गंमत म्हणजे तिथे जाताना तो पुष्कळदा परत येऊन कान घेऊन जायचा. बर्फाचा चुरा पत्र्याच्या घमेल्यात पडतो त्याचा आवाज त्याला आवडायचा. एकदा त्याने आईला ओढत नेऊन दाखवलं. बोटं वरून खाली झुरझुर आणली, छातीला हात लावला, हसला. वाळू हसतेय, असं काहीतरी. माक तेहने घमेल्याकडे पाहिलं. तिला पांढरं पडताना दिसलं. एवढंच.

"डोकं फोडून घेतलं ते बर्फ ऐकायला," ती म्हणाली.

वर्ष संपत आलं तसा रोस्दी धीट झाला. एके दिवशी धक्क्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, "माक तेह, कालचा रावस तुम्ही मोटरसायकलवाल्या पाक माइलला दिलात. खरंच त्याचा भाव सगळ्यांत चढा होता?"

"तुझा कान माझ्या कानात राहायला आला होता का?"

"नाही, नुसतं विचारतोय. तो होडीवाल्याला भाव सांगत होता, तेव्हा होडीवाला रडायचा बाकी होता."

लोक हसले. तिला हसणं दिसलं. त्या दुपारी तिने ठरवलं की आता थांबण्यात अर्थ नाही, उद्या नझमी बसेल. आणि तिला खरोखरच वाटत होतं की बसेल. तिचा हिशोब असा: घरात मागून बोललेलं त्याला कळत नाही, कारण मधे अंतर असतं. बाकड्यावर अंतर कुठे? तोंड कानाला टेकलेलं. याच्याहून जवळ कोण बोलतं कोणाशी? या धक्क्यावर जन्म काढलेल्या कोणालाही तसंच वाटलं असतं. कुजबूज म्हणजे ऐकण्यातलं सगळ्यांत सोपं, असंच इथे लहानपणापासून धरून चालतात.

तिने त्याला बापाचा सदरा इस्त्री करून घातला. बाकड्यावर बसवलं, खांद्यावर थोपटलं आणि शेजारी उभी राहिली. टोपलीत मोठाले बांगडे होते.

हाजी सुदिन पुढे आला आणि अडला. "माक तेह, बोलू कुठे? भोकात की बटणात?"

"तुमच्या तोंडाचा वास बघता दोन्हीकडे लांबूनच बोला."

हशा झाला. हाजी वाकला, आडोसा धरला, फुंकला. नझमीने मान वळवून त्याच्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न केला. हाजी झटकन मागे सरला. "तोंडात काय बघतोस, बाळ? माझे दात मोजायचे नाहीत. कानाने ऐक." नझमी आईकडे बघू लागला. तिने मान हलवली, पुढचा, पुढचा. दुसरा वाकला, तिसरा वाकला. नझमीचा घाम कानामागून त्या वालावर उतरत होता.

मग पाक माइल वाकला. मोटरसायकलवाला, म्हातारा, दोन नातवंडं एकटा पोसणारा. तो कुजबुजला. नझमीने मान हलवली, कळलं नाही. म्हातारा स्वभावाने मऊ. पोराची फजिती त्याला बघवेना. तो जरा मोठ्याने बोलला. नझमीने परत मान हलवली. "अरे बाळा," म्हणत पाक माइलने आणखी आवाज काढला, आणि मग आणखी, आडोसा कधी गळून पडला त्याचं त्यालाच कळलं नाही, आणि त्याचा भाव साऱ्या धक्क्याने ऐकला.

तो इतका कमी होता की कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. इतकी वर्षं हा माणूस त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता तो केवढ्यावर, ते आता सगळ्यांना कळलं होतं. पाक माइलने डोक्यावरची टोपी सारखी केली. खोकं गच्च बांधलं, रिकामंच, आणि मोटरसायकल ढकलत वळणापर्यंत गेला. इथे सुरू करायचीसुद्धा त्याला लाज वाटली.

नझमीने सगळ्यांसमोर कान काढला, सदऱ्याच्या खिशात घातला आणि बर्फाकडे गेला. माक तेह बाकड्यावर बसली, अंदाजाने हाजीचं नाव घेतलं, आणि वर बघितलं नाही.

"कुजबुजीत आवाज नसतोच, माकचिक," पुढच्या खेपेला चिक याप म्हणाली. बाकड्यावरचा प्रकार ऐकून तिला धक्काच बसला होता. "ती नुसती हवा असते. नझमीला जे थोडंफार कळतं ते तोंड बघून, वर आवाजाचा टेकू घेऊन. तुम्ही तोंड लपवलंत आणि आवाजही काढून घेतलात. याच्याहून अवघड मागणं मला तरी सुचत नाही."

"आणखी वर्षभर शिकवलं तर?"

"नाही."

"दोन वर्षं?"

"माकचिक, दोन वर्षांनी त्याला आज येतात तेच आवाज जरा ओळखीचे वाटतील. तो यंत्र घालेल, किंवा नाही घालणार. इतक्या उशिरा बसवलेले काही जण ठेवूनच देतात. त्याला बर्फाचा आवाज आवडतो. होडीचा भोंगा कळतो, गाडी मागून आली तर कळते. माझ्या दृष्टीने ते बरं जमलंय."

"आमच्याकडे बर्फ ऐकत नाहीत. माशांवर घालतात."

चिक यापने समोरचा कागद बाजूला सारला. मग हळूच म्हणाली, "आज आलाच आहात तर तुमचीही तपासणी करू या का? मघापासून तुम्ही माझ्या तोंडाकडे बघताय."

"दात बघतेय तुझे. वाकडे आहेत. इस्पितळात कामाला आहेस, फुकटात करून घे सरळ."

आणि ती उठली. दारापर्यंत ताठ गेली. बसमध्ये मात्र नझमीने पाहिलं की ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळतेय आणि सोडतेय, गुंडाळतेय आणि सोडतेय.

चिक यापने यंत्र जरा जुळवून दिलं होतं आणि नझमीला दिवस मावळेपर्यंत घालून ठेवायला सांगितलं होतं. म्हणून घरी आल्यावर त्याने फक्त चपला काढल्या. माक तेह गॅसच्या चुलीपाशी बसून सुकट निवडत होती, डोकी एकीकडे, अंग एकीकडे. तिच्या पाठीशी, हाताच्या अंतरावर, कॉफीची किटली तापत होती. शिट्टीची किटली.

नझमीने दारात मान वळवली. मांजरासारखी, थोडी इकडे, थोडी तिकडे. आवाज कुठून येतो हे त्याला कळत नसे, शोधावं लागे. त्याने खिडकीबाहेर पाहिलं, मोरीकडे पाहिलं, मग किटलीच्या तोंडातून निघणारी वाफ दिसली. त्याचा चेहरा उजळला. किटलीकडे बोट, कानाकडे बोट, परत किटलीकडे. शिट्टी. मला कळली. एवढा मोठा बाप्या पोरासारखा हसत होता. तसाच हसत तो आईकडे वळला.

ती सुकट निवडत होती.

हसू हळूहळू त्याच्या तोंडावरून उतरलं. त्याने चूल बंद केली, थांबला, परत पेटवली. शिट्टी परत सुरू झाली. या वेळी तो किटलीकडे बघत नव्हता.

माक तेहने त्याची सावली अंगावर पडली तेव्हा वर पाहिलं, वाफ पाहिली, त्याचे डोळे पाहिले. "ऐकली," ती म्हणाली. "हात खारट होते म्हणून उठले नाही."

त्याने तिच्या ओठांवरून ते वाचलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग तो जमिनीवर बसला, बाकड्यावर बसतात तसा, आणि त्याने एक सोंग केलं. कान थोडा पुढे. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. शहाण्यासारखी संथ मान डोलवणं. जरा थांबून ओठांच्या कोपऱ्यात हसू, दुसरे हसतात त्याच्या अंमळ मागून. मग टोपलीवर हात. ती हुबेहूब बाकड्यावरची माक तेह होती. हे सोंग तो जन्मभर वठवत आला होता, लग्नात, मयताला, दुकानात, सगळं कळलं असं दाखवायला. ते दुसऱ्याच्या अंगावर ओळखायला त्याला कान लागत नव्हता. फक्त आपल्या आईच्या अंगावर ते असेल हे त्याच्या मनात आलं नव्हतं.

"तोंड मिट," ती म्हणाली. त्याने ते उघडलंही नव्हतं.

सुपातली सुकट तिच्या मांडीवरून सांडली. तिने त्याचे दोन्ही हात धरले, घट्ट, मनगटापाशी, जसं कोणाचं बोलणं दाबायचं तर त्याच्या तोंडावर हात ठेवतात. "कोणाला सांगू नको. ऐकतोस ना? रोस्दीला नको. कोणालाच नको. अरे बाकडं गेलं तर मी कोण? चुलीपाशी बसलेली आणखी एक म्हातारी." बोलता बोलता तिला कळलं की त्याचे हात आपण धरून ठेवलेत, आणि त्या हातांचं बोलणं गावात सलवाशिवाय कोणालाच कळत नाही. तिला स्वतःलाही नाही. तरी तिने ते सोडले नाहीत. त्याने हळूच सोडवून घेतले, आणि किटली उतरवली.

दुसऱ्या दिवशी पापलेट आलं. अख्ख्या मोसमात पहिल्यांदा, ताटाएवढं, चांदीसारखं. धक्का भरून गेला. पाक माइलसुद्धा आला होता, कडेला, टोपी कपाळावर ओढून. त्याचं मनगट तिला दिसलं. नेहमीचं घड्याळ त्यावर नव्हतं.

माक तेह बाकड्यावर बसली. समोर बर्फाच्या ढिगाजवळ नझमी फावडं टेकून उभा होता, आणि कान घातलेला होता. तो काही करत नव्हता. बघत होता.

हाजी वाकला. गरम वारा. तिने मान डोलवली आणि डोलवताना तिला कालचं सोंग आठवलं. दुसरा वाकला, वारा. तिसरा, वारा. तिने डोळे मिटून सगळा जीव कानात आणला. या अल्ला, आजच्यापुरतं, एक शब्द. मग पाक माइल वाकला. तो सगळ्यांहून जास्त वेळ वाकून राहिला. त्याचे ओठ थरथरत होते, ते तिला कानाच्या पाळीवर कळत होतं. त्याने दोनदा सांगितलं असावं. कदाचित आज त्याचा भाव सगळ्यांत चढा होता, घड्याळ विकून आणलेला. कदाचित नव्हता. हाजीच्या पोटावरून, कोणाच्या डोळ्यांवरून, ते कळणार नव्हतं. तिने ऐकलं असं समजून तो मागे सरला आणि तिच्याकडे बघत राहिला, पिराकडे बघावं तसा नव्हे, तराजूकडे बघावं तसा.

तिने नाव घ्यायला हात उचलला. हात टोपलीवर गेला आणि तिथेच राहिला. हाजीचं नाव घेतलं तरी कोणी काही म्हटलं नसतं. पाक माइलचं घेतलं तरी नाही. समोर फक्त एक माणूस होता ज्याला ठाऊक होतं, आणि त्याला बोलता येत नव्हतं.

हात खाली आला. ती उठली. वाकून बाकडं दोन्ही हातांनी धरलं आणि उलटं केलं, चारी पाय वर. धक्क्यावर बाकडं उलटं होतं ते घरात मयत झालं तरच. लोक दचकले. हाजीचे ओठ हलले, ते तिने वाचले.

"कोण गेलं, माक तेह?"

"कान," ती म्हणाली.

पाक माइलला जवळ ओढून ती म्हणाली, "तू काय सांगितलंस ते मला ऐकू आलेलं नाही. गेल्या वर्षभरात कोणाचंच नाही." मग ती निघाली. मागे थोडा वेळ शांतता असावी, किंवा नसावी, तिला कुठे कळत होतं. पण भोंग्याच्या कर्ण्याचा आवाज मोठा असतो. तो तिला ऐकू आला. रोस्दी टोपली पुकारत होता, एकेकाचा भाव मोठ्याने विचारत होता, आणि पहिला विचारला तो म्हाताऱ्या पाक माइलला. ती थांबली नाही. थांबून करायचं काय होतं?

ती घराच्या पायरीवर बसून राहिली. सलवाने पाण्याचा पेला आणून शेजारी ठेवला आणि दारात उभी राहिली. बऱ्याच वेळाने नझमी आला. पँट गुडघ्यापर्यंत बर्फाने भिजलेली. त्याने चपला काढल्या, पायरीखाली सारल्या. मग त्याचा हात कानामागे गेला आणि सवयीने खिळ्याकडे वळला, आणि आईला बघून अर्ध्यावर थांबला.

माक तेहने त्याची हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडे, उजेडाकडे वळवलं. ती ओरडली नाही. सावकाश, एकेक शब्द त्याच्या डोळ्यांसमोर ठेवत बोलली.

"बघ इकडे. हा तुझा कान तुला शब्द देत नाही, आणि दिले असं तू कधी म्हणाला नाहीस. माझा कान वर्षभर वारा खात होता, आणि त्या वाऱ्यावर मी लोकांची पोटं तोलली. या घरात बहिरे तीन. लबाड मी एकटी. काढ तो, अडकव खिळ्याला. रोज काढ. मी परत त्यावरून बोलणार नाही. आणि बोललेच, तर तुला तरी कुठे ऐकू येणार आहे, आणि मला तरी कुठे."